करडाच्या नावाची कुळकथा

प्रति,
मा. संपादक,

विषय : रविवार पुरवणीतील लॅटिन शब्दांच्या तक्त्यातील ‘शेळीचे पिल्लू’ ही नोंद

सप्रेम नमस्कार.

लॅटिनपासून निघालेल्या भाषांमध्ये पाळीव प्राण्यांना काय म्हणतात, याचा एक तक्ता आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच प्रसिद्ध झाला. मी ठाण्यात २२ वर्षे फ्रेंच शिकवते. माझ्या वर्गातील दोन मुलींनी तो कापून वहीत चिकटवला आणि मला आणून दाखवला. असा विषय मराठी वृत्तपत्राने मुलांसमोर ठेवला याचा मला मनापासून आनंद झाला आणि त्याबद्दल मी आपले आभार मानते. तथापि ‘शेळीचे पिल्लू’ या नोंदीत एक मोठी चूक राहिली आहे. मुले आता तो तक्ता पाठ करणार आहेत, म्हणून ती दुरुस्त व्हावी असे मला वाटते.

तक्त्यात लॅटिन ‘काप्रा’ हा एकच शब्द वर लिहून त्याच्याखाली फ्रेंच ‘शव्रो’, इटालियन ‘काप्रेत्तो’ आणि स्पॅनिश ‘काब्रितो’ असे तीन बाण काढले आहेत आणि ‘काप्रा’चा अर्थ लॅटिनमध्येही ‘करडू’ असाच होता, असे सुचवले आहे. वस्तुतः ‘काप्रा’ म्हणजे मोठी शेळी आणि ‘कापेर’ म्हणजे बोकड. करडासाठी लॅटिनमध्ये ‘हाएदुस’ हा निराळाच शब्द होता आणि तो फार जुन्या घरचा होता. इंग्रजीतला ‘गोट’, जर्मनमधला ‘गाइस’ आणि गॉथिक भाषेतला ‘गाइत्स’ हे त्याचे भाऊबंद आहेत, फक्त उत्तरेकडच्या त्या भाषांमध्ये शब्द मोठ्या जनावराला लागला आणि रोमन लोकांकडे तो पिल्लापुरता राहिला. (इंग्रजी ‘किड’चा या घराण्याशी संबंध नाही. तो शब्द स्कँडिनेव्हियातून इंग्लंडमध्ये आला.) तेव्हा तक्त्यातले तीनही शब्द करडाच्या जुन्या नावाचे वंशज नाहीत. ते नाव मोडीत निघाल्यावर लोकांनी शेळीच्या नावावरून नव्याने घडवलेले शब्द आहेत.

‘हाएदुस’बद्दल एक जुनी साक्ष उपलब्ध आहे. इसवी सनापूर्वी ११६ ते २७ या काळात होऊन गेलेल्या मार्कुस तेरेन्तियुस वार्रो या रोमन पंडिताने लॅटिन भाषेवरील आपल्या ग्रंथात नोंदवले आहे की, शेजारचे सबाइन लोक ज्याला ‘फेदुस’ म्हणतात त्याला लॅटियमच्या, म्हणजे रोमभोवतालच्या प्रदेशाच्या, खेड्यापाड्यांत ‘हेदुस’ म्हणतात आणि शहरात मात्र त्यात एक ‘आ’ घालून ‘हाएदुस’ म्हणतात. एका करडाच्या नावाची तीन रूपे, आणि तीही रोमपासून फार दूर न जाता! आगरी, मालवणी आणि शहरी मराठी रोज शेजारीशेजारी ऐकणाऱ्या ठाणेकराला यात काही नवल वाटणार नाही. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते, कारण शब्दाचे गावाकडचे रूप आणि शहरातले रूप या दोहोंची नोंद त्याने सारख्याच आस्थेने केली आहे. पुढे शहरातही ‘आए’चा उच्चार ‘ए’ झाला आणि आरंभीचा ‘ह’ तर सगळ्यांच्याच तोंडून गळाला, म्हणजे अखेरीस सगळा देश गावकऱ्यांच्या उच्चाराकडेच आला.

तक्त्यात नेमकी जी भाषा गाळली गेली, त्या रुमानियनमध्ये हा शब्द आजही जिवंत आहे. तेथे करडाला ‘येद’ म्हणतात. इसवी सन १०६ मध्ये सम्राट त्रायानने डेशिया, म्हणजे आजच्या रुमानियाचा मुलूख, जिंकला आणि पावणेदोनशे वर्षे पूर्ण होण्याच्या आतच रोमन सैन्य तेथून निघून गेले, पण तिथल्या मेंढपाळांच्या भाषेत हा शब्द राहिला. दुसरीकडे, इसवी सनापूर्वी २३८ मध्ये रोमच्या ताब्यात आलेल्या सार्डिनिया बेटावर करडाला ‘एदु’ म्हणतात. एक प्रदेश पूर्व टोकाचा, दुसरा समुद्राने वेढलेला. मधल्या विस्तीर्ण मुलखात, म्हणजे आजच्या फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीच्या प्रमाणभाषांमध्ये, त्याचा मागमूस नाही. मध्यावर बदल होत राहतो आणि कडेला जुने टिकते, हे भाषेच्या अभ्यासात वारंवार दिसते. आपल्याकडेही तंजावरच्या मराठीत जी जुनी रूपे ऐकू येतात, ती पुण्यामुंबईत केव्हाच मागे पडली. म्हणूनच रुमानियनचा बाण गाळणे ही मला किरकोळ त्रुटी वाटत नाही. या नोंदीतला सर्वांत जुना साक्षीदारच तिच्यामुळे बाहेर राहिला.

जुना शब्द का गेला, याचे एक कारण त्याच्या झिजण्यात शोधता येते. ‘ह’ गेला, ‘आए’चा ‘ए’ झाला, शेवटचा ‘स’ गळाला, म्हणजे हातात उरले केवळ ‘एदो’ एवढेच. फ्रान्समध्ये तर असे छोटे शब्द आणखी झिजत. तेथील बोलींचे अभ्यासक ज्यूल जिलिएरों यांनी १९१८ मध्ये मधमाशीच्या नावांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लॅटिन ‘आपिस’ उत्तर फ्रान्समध्ये झिजत झिजत एका स्वरावर आला आणि मग त्याच्या जागी लांब, भरीव शब्द घेणे लोकांना कसे भाग पडले, हे त्यांनी त्यात दाखवले आहे. शिवाय लाडाच्या, लहानपणाच्या रूपांनी मूळ शब्दाला हटवण्याची चाल लॅटिनच्या बोलण्यात सर्वत्रच होती. पक्षी ‘आविस’ होता, त्याचे ‘लहान पाखरू’ झाले आणि त्यातून फ्रेंच ‘वाझो’ व इटालियन ‘उच्चेल्लो’ निघाले. कान ‘आउरिस’ होता, त्याचा ‘लहान कान’ झाला आणि त्यातून फ्रेंच ‘ओरेय’ व स्पॅनिश ‘ओरेखा’ आले. एका अज्ञात रोमन शिक्षकाने शुद्ध-अशुद्ध शब्दांची २२७ जोड्यांची एक यादी करून ठेवली आहे. तीत ‘आउरिस म्हणावे, ओरिक्ला म्हणू नये’ असे बजावले आहे, आणि आज युरोपात जिकडेतिकडे चालतो तो ‘ओरिक्ला’च. मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे ही यादी प्रत्येक वेळी थोडी थांबून वाचते.

करडाच्या बाबतीत नेमके हेच घडले, पण प्रत्येक प्रदेशाने आपापली वाट धरली. उत्तर फ्रान्सने शेळीच्या नावाला ‘-एल’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लावून ‘शव्रेल’ केले, त्याचेच आजचे ‘शव्रो’. इटलीने ‘-एत्तो’ लावून ‘काप्रेत्तो’ केले. दक्षिण फ्रान्स, कॅटलोनिया, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये उत्तरकालीन लॅटिनमधील ‘काप्रितुस’ हे रूप रुजले आणि त्यातून ‘काब्रित’, ‘काब्रितो’ आले. फ्रेंचमध्ये ‘शव्रो’च्या जोडीला ‘काब्री’ हाही शब्द आहे. तो दक्षिणेकडून आलेला पाहुणा आहे, हे त्याच्या पहिल्या अक्षरावरून ओळखता येते, कारण उत्तरेकडच्या फ्रेंचमध्ये लॅटिन ‘का’चा ‘श’ होतो (‘काप्रा’चे ‘शेव्र’, ‘काबाल्लुस’चे ‘शव्हाल’) आणि दक्षिणेत तो ‘का’च राहतो. हेच ‘काब्री’ वसाहतींबरोबर समुद्रापार गेले. हैतीच्या क्रिओल भाषेत आज ‘काब्रित’ म्हणजे करडू नव्हे, तर चांगली वाढलेली शेळी. पिल्लाचे नाव आईला लागले. फ्रेंच मुलांच्या तोंडी ‘बिके’ आणि ‘बिकेत’ असतात ते ‘बीक’ या शेळीच्या घरगुती नावावरून, आणि त्यांचे शब्दकुळ पूर्णपणे वेगळे आहे.

स्पॅनिशकडे जरा थांबले पाहिजे, कारण तेथे करडाची नावे वयानुसार बदलतात आणि त्यांतली दोन लॅटिनमधून आलेलीच नाहीत. जोवर ते आईला पिते तोवर ‘काब्रितो’. पिणे सुटले आणि नर असेल तर ‘चिबो’. हा ‘चिबो’ कोठून आला? गुराखी त्याला जवळ बोलावताना जो आवाज काढतो त्यावरून, असे स्पॅनिश कोशकार मानतात. दूध पिणाऱ्या करडाला आणखी एक शब्द आहे, ‘चोतो’. तो कास चोखतानाच्या आवाजावरून आला. म्हणजे एका शब्दात माणसाची हाक आहे आणि दुसऱ्यात करडाच्या ओठांचा आवाज.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला मुरबाड तालुक्यातला माझ्या आत्याचा गोठा आठवला. मी नऊ-दहा वर्षांची असेन. पहाटे शेळी व्याली होती आणि दोन करडांपैकी धाकटे उभे राहताना पुढच्या गुडघ्यांवर पडत होते. आत्याने त्याचे अंग गोणपाटाने कोरडे केले, आपली करंगळी त्याच्या तोंडात घातली आणि ते चोखते आहे असे दिसताच हळूच त्याचे तोंड सडाला लावले. क्षणभर काहीच झाले नाही. मग त्याने कासेला एक ढुसणी दिली, शेपटी थरथरली आणि ओला, तुटक ‘चुट्‌ चुट्‌’ असा आवाज सुरू झाला. आत्या म्हणाली, “लागलं बाई लुचायला. आता चीक पोटात गेला की काळजी नाही.” थोरले करडू कोपऱ्यात भरकटले होते. त्याला बोलावण्यासाठी तिने ओठ आवळून ‘हुर्र’ असा जो आवाज काढला, तो मला आजही काढता येत नाही. ‘चोतो’ आणि ‘चिबो’ हे दोन्ही शब्द असेच कोणत्या तरी गोठ्यात जन्मले असले पाहिजेत. ‘चोखणे’ आणि ‘लुचणे’ यांतला फरक मला तिच्याकडून कळला. बाळ चोखते, करडू आणि वासरू लुचते. त्यात ढुसणी असते, ओढ असते.

तक्त्याच्या शेवटी ‘याचप्रमाणे मराठी करडू हाही शब्द संस्कृतातूनच आला असणार’ असे एक वाक्य आहे, त्यालाही माझी हरकत आहे. ‘असणार’ म्हणून व्युत्पत्ती ठरत नाही. वरची युरोपीय हकिकत हेच सांगते की, थोर साहित्य असलेली मातृभाषा घरात असूनही लेकीबाळींनी करडाचे नाव कधी नव्याने घडवले, तर कधी थेट गुराख्याच्या तोंडून उचलले. मराठीतही शेळी, बोकड, पाठ (तरुण शेळी), करडू, कोकरू हे शब्द ज्यांच्या तोंडी घडले ते लोक प्राकृत बोलणारे होते आणि त्यांच्या शेजारी इतर भाषा बोलणारेही होते. प्रत्येक शब्दाची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्तिकोश आणि टर्नर यांचा १९६६ चा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश हे दोन्ही त्या कामी येतात.

ध्वनीच्या सारखेपणावर विसंबून नाती जुळवण्यातला धोका मुलांना दाखवायचा असेल तर बोकडाचेच उदाहरण घ्यावे. फ्रेंचमध्ये बोकडाला ‘बूक’ म्हणतात आणि माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी हात वर करून ‘बाई, हा आपलाच बोकड ना?’ असे विचारते. फ्रेंच ‘बूक’ हा रोमनपूर्व गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतून आला. त्यावरूनच खाटकाला ‘बुशे’ म्हणू लागले आणि इंग्रजीत तो ‘बुचर’ झाला. आपला बोकड प्राकृतातून आला. या दोन शब्दांचे नाते केवळ कानाला तसे वाटते म्हणून मान्य करता येत नाही. याउलट ज्यांचे नाते खरे आहे ते शब्द नुसते ऐकून ते नाते कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘वासरू’ हा ‘वत्सरूप’पासून आला. ‘वत्स’ आणि ‘वत्सर’ म्हणजे वर्ष, हे एकाच मुळाचे, म्हणून वत्स म्हणजे मुळात वर्षाचे जनावर. लॅटिन ‘वितुलुस’ म्हणजे वासरू, हाही शब्द बहुतेक अभ्यासक त्याच मुळाशी जोडतात, आणि त्यापासून इटालियन ‘वितेल्लो’, रुमानियन ‘वित्सेल’ आणि फ्रेंच ‘व्हो’ निघाले. तेव्हा ‘वासरू’ आणि ‘व्हो’ हे दूरचे पण खरे नातलग आहेत, तर ‘बोकड’ आणि ‘बूक’ यांना केवळ सारख्या आवाजावरून नातलग म्हणता येत नाही.

आपल्या भाषेचे एक वैशिष्ट्यही या निमित्ताने नोंदवावेसे वाटते. करडू, कोकरू, वासरू, शिंगरू, रेडकू, पारडू, पिल्लू, लेकरू ही सगळी ‘ते’ आहेत. जोवर लहान आहे तोवर नपुंसकलिंगी, आणि मोठे झाल्यावर ‘ती पाठ’ किंवा ‘तो बोकड’, ‘ती कालवड’ किंवा ‘तो गोऱ्हा’. लॅटिनमध्येही तीन लिंगे होती, पण फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियन यांनी नपुंसकलिंग गमावले, त्यामुळे तेथे जन्मल्या दिवसापासून करडाला ‘तो’ किंवा ‘ती’ व्हावे लागते. फ्रेंचमध्ये ‘शव्रो’ तो, ‘शव्रेत’ ती. हा फरक मी मुलांना सांगते तेव्हा त्यांना आपल्या भाषेकडे नव्याने पाहावेसे वाटते, असा माझा अनुभव आहे.

ठाणे-वसईच्या वाचकांना या विषयात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकेपर्यंत लॅटिनची एक लेक येथे नांदत होती. चावी, पगार, पाव, बटाटा, कोबी हे शब्द पोर्तुगीजांनी मराठीला दिले, पण ‘काब्रितो’ दिला नाही. बटाटा येथे नवा होता. शेळ्या आधीपासून होत्या, त्यांना हाकणारे होते आणि त्यांची नावेही होती. लॅटिन बोकडाचा एक वंशज मात्र आज आपण रोज वापरतो. लॅटिन ‘कापेर’पासून ‘काप्रेओलुस’, म्हणजे रानातले शेळीसारखे छोटे हरीण, त्याच्या उडीवरून इटालियन ‘काप्रिओला’ आणि फ्रेंच ‘काब्रिओल’, आणि चालताना उसळ्या घेणाऱ्या दोनचाकी हलक्या गाडीचे नाव ‘काब्रिओले’. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये त्याचे आखूड रूप झाले ‘कॅब’. घोडबंदर रस्त्यावर उभे राहून आपण जी बोलावतो, ती हीच.

माझी विनंती अशी आहे. पुढच्या पुरवणीत ही नोंद दुरुस्त करून छापावी, ‘हाएदुस’ वर लिहावा, त्याच्याखाली रुमानियन ‘येद’ आणि सार्डिनियाचा ‘एदु’ यांना बाण द्यावेत आणि ‘शव्रो’, ‘काप्रेत्तो’, ‘काब्रितो’ हे ‘काप्रा’-‘कापेर’च्या घराण्याखाली वेगळे दाखवावेत. ‘चिबो’ आणि ‘चोतो’ यांना कोणताही बाण नको. त्यांच्यापुढे ‘हाकेवरून’ आणि ‘आवाजावरून’ एवढेच लिहावे.

दुसरी विनंती थोडी मोठी आहे. वर उल्लेख केलेल्या जिलिएरों यांनी फ्रान्सच्या बोलींचा नकाशासंग्रह तयार केला तेव्हा गावोगाव फिरण्यासाठी त्यांनी भाषापंडित निवडला नाही. एदमों एदमों नावाचा, तीक्ष्ण कानाचा एक दुकानदार त्यांनी निवडला आणि त्याने १८९७ ते १९०१ या चार वर्षांत ६३९ गावांतून शब्द टिपून आणले. आपल्याकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आहे, ते फार महत्त्वाचे आहे. पण जनावरांच्या पिल्लांची नावे, त्यांना बोलावण्याच्या हाका, त्यांच्या वयाचे, रंगाचे, शिंगांचे शब्द हे आपल्या वाचकांच्या आजी-आजोबांकडे, आत्या-मामांकडे आहेत आणि ते वृत्तपत्राच्या हाकेने जितक्या लवकर गोळा होतील तितक्या लवकर दुसऱ्या कशाने होणार नाहीत. मागील महिन्यात मी वर्गातल्या १४ मुलांना ‘शव्रो’चा मराठी प्रतिशब्द विचारला, तेव्हा १३ जणांनी ‘बकरीचं पिल्लू’ म्हणून सांगितले. ‘करडू’ म्हणाली ती एकटी मुलगी, जिचे आजोळ शहापूरकडे आहे.

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाची जत्रा भरते आणि तिथे जनावरांचा मोठा बाजार लागतो. आपला प्रतिनिधी बातमीसाठी तिथे जाईलच. त्याने जाताना एक कोरी वही न्यावी आणि विकायला आणलेल्या प्रत्येक लहान जनावराला त्याचा मालक काय म्हणतो व कशी हाक मारतो, एवढे लिहून आणावे. आत्या आता ८१ वर्षांची आहे. तिच्याकडून उतरवून घेतलेले शब्द मी या पत्रासोबत वेगळ्या कागदावर जोडत आहे. ‘हुर्र’ कशी लिहावी हे मला सुचले नाही, म्हणून त्या ओळीपुढे जागा मोकळी सोडली आहे.

आपली नम्र,
एक वाचक
चरई, ठाणे (पश्चिम)